आधी हौदा दाखवा

सकाळी ६.१५

संक्रांतीच्या आधीचे आठ-पंधरा दिवस माझ्या कामाला सगळ्यात सोयीचे. मारुंजीत या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि मधल्या वेळात डोक्यावर येतच नाही. भर दुपारीही तो दक्षिणेकडे कललेला, जमिनीपासून पन्नासेक अंशांवर. त्यामुळे गाडीच्या दारांवर आणि फाळक्यांवर दिवसभर उजेड मिळतो. मेच्या मध्याला याच गावात दुपारी विजेच्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गडप होते. तेव्हा फोटोत टप पांढराफटक येतो आणि दारं काळी. मेमध्ये मी दुपारचं काम घेतच नाही.

मी मालवाहू जुन्या गाड्यांचे फोटो काढते. पिकअप, टेम्पो, छोटा हत्ती. लग्नाचे फोटो काढणारे हिंजवडी-वाकड भागात गल्लोगल्ली आहेत; विकायच्या पिकअपला नीट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून हे काम मला मिळत गेलं. गिऱ्हाईक गाडी पहिल्यांदा बघतं ते मोबाइलवर. पसंत पडली तर सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून येतं, सोबत मिस्त्री आणतं, त्याची हजेरी भरतं, स्वतःचा दिवस मोडतं. फोटोत झाकलेली गोष्ट त्याला इथे पाच मिनिटांत दिसते आणि मग त्याचा भरवसा गाडीवरून उडतो तसा मालकावरूनही उडतो. म्हणून माझा नेम ठरलेला आहे: दिवसातला सगळ्यात चांगला उजेड गाडीच्या खोडीला द्यायचा.

आजची गाडी टाटा २०७ डीआय, २००९ सालची, एमएच १४, पिवळी पाटी, पांढरा रंग, पहिलाच मालक. काका नेरे रस्त्याला राहतात. पहाटे साडेचारला दुधाचे कॅन भरून हिंजवडीकडच्या सोसायट्यांना जातात आणि सहाच्या आत परत येतात. मी पोचले तेव्हा बोनेट अजून कोमट होतं. काकूंनी चहा पुढे केला. घेतला, पण उभ्याउभ्या.

सकाळी ६.३५

गाडी धुणं. काकांच्या पुतण्याने आदल्या रात्रीच तयारी करून ठेवलेली: टायरला लावायचं काळं पॉलिश, डॅशबोर्डचा स्प्रे, आणि इंजिनावर मारायला डिझेलमध्ये ऑइल कालवलेला डबा.

‘ताई, टायर काळेकुळकुळीत करतो बघा.’

त्याला थांबवलं. चकाकणारा टायर फोटोत सगळ्यात आधी नजरेत भरतो, आणि बाजार बघितलेला माणूस लगेच म्हणतो, रिमोल्ड दिसतोय. डिझेल मारलेल्या इंजिनाची तर आणखी पंचाईत. सगळंच ओलं आणि चकचकीत झालं की खरी गळती कुठली हे कळत नाही, आणि ते कळू नये म्हणूनच मारलंय असं गिऱ्हाईक धरून चालतं. इंजिन फक्त कॉटन वेस्टने पुसायला लावलं. टॅपेट कव्हरच्या कडेला ऑइलचा ओलसर माग आहे, तो तसाच राहू दिला.

‘लावू द्या की ताई, गिऱ्हाईक खूश होईल,’ काका म्हणाले.

‘इथं येऊन नाराज झालं तर, काका?’

यावर ते काही बोलले नाहीत, पण पुतण्याने डबा उचलून आत नेला.

धुतलेली गाडी लगेच फोटोला घ्यायची नाही. पांढऱ्या रंगावर थेंब राहिले की फोटोत बारीक राखाडी ठिपके येतात आणि ते गंजाचेच वाटतात. दोन्ही दारं उघडून, तिन्ही फाळके पाडून एक फेरी मारायची. सांदीकोपऱ्यातलं पाणी निथळतं.

सकाळी ७.१०

मारुंजीहून कासारसाईकडे निघालं की जानेवारीत उसाच्या ट्रॉल्या लागतात. संत तुकाराम कारखान्याचा गळीत हंगाम. ट्रॉलीच्या मागे मागे, उडणारं पाचट चुकवत, धरणाच्या अलीकडच्या एका मुरमाड रानात गाडी लावली. जागा निवडताना मी दोन गोष्टी बघते. एक, पाठीमागे काय आहे. पांढरी गाडी पांढुरक्या आभाळापुढे उभी केली की तिच्या कडाच हरवतात. मागे वाळलेल्या गवताची टेकडी असली की प्रत्येक रेघ उठून दिसते. दुसरी, समोर काय आहे. गाडीचा पत्रा समोरचं सगळं स्वतःत उतरवून घेतो. लाइफ रिपब्लिकच्या टॉवरांकडे तोंड केलं तर दारावर मजलेच्या मजले चढतात आणि बघणाऱ्याला वाटतं, पत्र्याला पोचे आहेत.

पहिला फोटो मी मागून काढते. बरोबर मध्यावर उभं राहायचं, कॅमेरा फाळक्याच्या कडीच्या उंचीला धरायचा आणि गाडी कोणत्या अंगाला बसलीय ते बघायचं. पाट्याचं पान तुटलं असेल किंवा पाटा सरळ झाला असेल तर ते इथे दिसतं, पुढून कधीच दिसत नाही. मात्र जमीन सपाट हवी, नाहीतर उताराचा आळ गाडीवर. मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली चाकाजवळ आडवी ठेवते; आतलं पाणी गवंड्याच्या नळीसारखी पातळी दाखवतं. जमीन ठीक होती. काकांची २०७ मात्र डावीकडे दोन बोटं बसलेली.

‘ड्रायव्हर उजवीकडं बसतो, मग ही डावीकडं कशी काय कलली?’ पुतण्या म्हणाला.

काकांनी जागच्या जागी उत्तर दिलं: कॅन रस्त्याच्या कडेने, डाव्या बाजूने चढवायचे-उतरवायचे, त्यामुळे भरलेले कॅन कायम डाव्या फाळक्यालाच लावलेले. इतक्या वर्षांचं दूध एकाच पाट्यावर.

मागच्या फाळक्यावर आणखी एक गोष्ट सापडली. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मालगाड्यांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, तेव्हा काकांनी त्या अक्षरांवर पातळ पांढरा हात मारून घेतला आणि वर रेडियमची पट्टी चिकटवली. एरवी काही दिसत नाही. पण कोवळं ऊन आडवं लागलं की पट्टीच्या वर-खाली जुन्या अक्षरांच्या कडा उमटतात. पुतण्याला तो डाग वाटला. मला तो पुरावा वाटला: हा फाळका मूळचा आहे, कुठे ठोकर खाऊन बदललेला नाही. त्याचा वेगळा फोटो घेतला.

सकाळी ७.४०

हे पाऊण-एक तासाचं ऊन पोच्यांसाठी. सूर्य खाली असताना मी दारासमोर उभी राहत नाही. पत्र्याला जवळजवळ गाल लावून, त्याच्या लांबीच्या दिशेने बघते. समोर कुठेतरी विजेचा खांब किंवा तार असतेच. मूळ पत्र्यात तो खांब सरळ दिसतो. जिथे पोचा काढून लांबी भरली आहे तिथे खांब वाकतो, नागमोडी होतो. रंगारी कितीही हुशार असो, हे लपत नाही. या फोटोच्या वेळी लेन्सवरचा पोलराइजर मी आधी काढून ठेवते. काचेमागची केबिन दाखवायला तो फार कामाचा, कारण काचेवरची चमक तो मारतो. पण दारावरची चमक मारली तर खांबही गेला आणि पोचाही गेला. जाहिरातीचे फोटो काढणारे दारावरही तो ठेवतात, यातच काय ते समजून घ्यावं.

पांढऱ्या गाडीची दुसरी गंमत म्हणजे कॅमेरा तिला पांढरी ठेवत नाही. चौकटभर पांढरा रंग दिसला की उजेड फार झाला अशी त्याची समजूत होते आणि तो सगळं राखाडी करून टाकतो. मोबाइलवर बोट ठेवून उजेड थोडा वर ढकलावा लागतो. फार ढकलला तर गंजाचे बारीक डाग पुसले जातात. कित्येक विक्रेते हे मुद्दाम करतात.

डाव्या मडगार्डावर खांब वाकला. ‘जांब्याच्या वळणावर म्हशीला वाचवायला गेलो,’ काका म्हणाले. म्हैस वाचली. मडगार्डाचा फोटो घेतला आणि वहीत लिहून ठेवलं: डावं पुढचं मडगार्ड, लांबी, एक हात रंग.

सकाळी ८.२०

आता तोंडवळा. इथे लोक एक गोष्ट हमखास करतात: मोबाइल घेऊन गाडीच्या चार पावलांवर उभे राहतात. मोबाइलची साधी लेन्स रुंद बघणारी असते, त्यामुळे बोनेट फुगतं, हौदा आक्रसतो आणि नऊ फुटी गाडी पाच फुटी दिसते. पंधरा-वीस पावलं मागे जायचं आणि दुपटीने जवळ आणायचं. माझ्याकडे कॅमेरा आहे म्हणून मी लांबची लेन्स लावते, पण मोबाइलवर हेच अगदी चांगलं होतं.

बाजूचा फोटो मी सगळ्यात सावकाश काढते. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये हातभर फट असते. लांबून, बरोबर काटकोनात उभं राहून बघितलं तर ही फट वर आणि खाली सारखी दिसायला हवी. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर चासी वाकलेली आहे किंवा हौदा काढून पुन्हा बसवलेला आहे, आणि दोन्हींची गोष्ट मालकाला विचारायला हवी. काकांच्या गाडीची फट सरळ. हा फोटो दहा मडगार्डांना भारी.

पुढचं चाक वळवायला सांगितलं. शोरूमच्या फोटोंत रिम दिसेल असं वळवतात; मी उलट वळवते, नक्षी दिसावी म्हणून. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, त्यांचा जवळून फोटो. ३५१९ असेल तर २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. पुढची जोडी चांगली निघाली, मागची घासत आलेली.

नंबरप्लेट झाकू का, असं काहीजण विचारतात. मी झाकत नाही. मालगाडीचा नंबर केबिनवर आणि हौद्यावरही रंगवलेला असतोच, आणि गिऱ्हाइकाला तो एमपरिवहनवर टाकून पासिंग, विमा, बोजा बघायचा असतो. आठ वर्षांनंतर मालगाडीला दरवर्षी पासिंग लागतं, आणि पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीची फी २०२२ पासून चांगलीच चढली. त्यामुळे एवढ्या जुन्या गाडीचं पासिंग कधीपर्यंत आहे हा किमतीचाच भाग असतो. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही नवी सुरक्षा पाटी सक्तीची झाली, ती काकांनी बसवून घेतली आहे. त्या पाटीवर फ्लॅश मारायचा नाही, आकडे जळून जातात.

सकाळी ९.३०

हौदा. गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज कायम हाच: फोटो छान आहेत, आधी हौदा दाखवा. इंजिन बांधता येतं, सीट शिवता येते. हौद्याचा पत्रा आणि त्याखालचे आडवे चॅनेल गेले की बॉडीवाल्याकडे गाडी अडकली आणि हातातलं भाडं गेलं.

मी आधी चारी कोपरे बघते. गाडीने काय वाहिलं ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, कागदपत्रात नसतं. सिमेंट वाहिलं असेल तर जोडांत राखाडी थर बसलेला, छिन्नीने निघत नाही. विटा-खडी वाहिली असेल तर तळाला वरून खाली पोचे आणि फाळक्यांच्या कडा बाहेर झुकलेल्या. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांतलं कास्टिंग वाहिलं असेल तर लांबच लांब ओरखडे आणि त्यांत मुरलेलं तेल; असा पत्रा दिसायला भयंकर, पण गंजत नाही, तेलच त्याला वाचवतं. पॅकर्स-मूव्हर्सची गाडी असेल तर तळ जवळजवळ नवा आणि दोर बांधायचे हूक झिजून पातळ झालेले. आयटी पार्कमुळे इथे महिनाअखेरीला भाडेकरूंची घरं हलतात, अशा गाड्या या पट्ट्यात भरपूर. सगळ्यात वाईट मासळीची गाडी. बर्फाचं खारट पाणी जोडांत शिरतं आणि पत्रा आतून पापुद्रे धरतो. वरून रंग मारला तरी वर्षाच्या आत फुगतो.

काकांच्या हौद्यात गोल तांबूस वळी, कॅनच्या बुडाएवढी, डाव्या बाजूला एकाला एक लागून. सांडलेलं दूध आंबतं आणि ते आंबट पाणी हळूहळू पत्रा खातं. मी फाळके पाडून, हौद्याच्या मागे स्टुलावर उभं राहून पूर्ण तळाचा एक फोटो घेतला, ज्यात सगळी वळी येतात. मग तळाला मोजपट्टी अंथरून लांबीचा एक: आठ फूट सात इंच, स्थानिक बॉडीवाल्याने बांधलेला. मोजपट्टीवरचा आकडा वाचता आलाच पाहिजे, कारण क्रेटवाले आणि कोंबडीवाले इंचाइंचाचा हिशेब करून येतात.

पुढच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी पट्टी वेल्डिंगने मारलेली आहे. तिथे पत्रा कितपत उरलाय हे वरून कळत नाही. मग आम्ही नेहमीचा प्रयोग केला. हौद्यावर ताडपत्री ओढली, मी आत वाकून बसले, पुतण्या गाडीखाली झोपला आणि त्याने खालून त्या जागी बॅटरी धरली. काळोखात पट्टीच्या कडेने उजेडाचे तीन ठिपके आले, सुईच्या टोकाएवढे. मोबाइल तळावर टेकवून, न हलवता, थोडा जास्त वेळ उजेड घेऊन फोटो काढला. काळ्या चौकटीत तीन ठिपके. फोटो म्हणून बघितला तर दिवसातला सगळ्यात देखणा. काका वाकून बघत होते.

‘हे कशाला दाखवायचं?’

‘तीनच आहेत, हे दाखवायचंय. न दाखवलं तर तो तीसचे पैसे कापेल.’

सकाळी ११

गाडी काकांच्या दारात सोडून मी लक्ष्मी चौकातून पुढच्या कामाला. मारुंजी-हिंजवडी रस्त्याबद्दल नवं सांगण्यासारखं काही नाही. सगळे जिथे असतात तिथे मीही होते, पाऊण तास.

एका व्यापाऱ्याच्या यार्डात बोलेरो पिकअप, सहा वर्षांची. शेठना फोटोमागचं यार्ड पुसून तिथे गुळगुळीत फरशीचं शोरूम टाकून हवं असतं. हल्ली मोबाइलवर ते चुटकीसरशी होतं. त्यात चाकाखालची सावलीही पुसली जाते आणि गाडी अधांतरी तरंगते. मी मूळ फोटो देते, पुढचं त्यांचं ते बघतात. यार्डात गाडी भिंतीला लागून उभी, म्हणून तीन बाजू काढल्या आणि निघाले.

दुपारी १२.४०

परत काकांकडे. कडुनिंबाच्या सावलीत केबिन. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असा फरक कॅमेऱ्याला पेलत नाही, म्हणून केबिन नेहमी सावलीत, दोन्ही दारं उघडून. सीटचं कव्हर काढायला सांगितलं. कव्हर नवं, सीट फाटकी. दोन्हींचे फोटो. क्लच-ब्रेकच्या पॅडलांचं रबरही घ्यायचं. मीटर मागे फिरवता येतो, पॅडलचं झिजलेलं रबर कोणी मागे फिरवत नाही. आणि सहसा बदलतही नाही, विसरतात.

मीटरचे फोटो दोन. पहिला नुसती किल्ली फिरवून: सगळे दिवे लागले पाहिजेत. ऑइलचा दिवा लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलाय. दुसरा इंजिन चालू करून: दिवे विझले पाहिजेत. काच चकाकते म्हणून मी काळी ओढणी आडवी धरते. काळ्या कपड्याची एवढी सोय दुसऱ्या कुठल्याही फिल्टरात नाही.

दुपारी १.३०

काकूंनी जेवायलाच बसवलं. बाजरीची भाकरी, भोगीच्या भाजीची आधीच सुरुवात झालेली. जेवताना काकांनी मोबाइलमधले गाडीचे जुने फोटो दाखवले. एक शोरूममधला, हार घातलेली गाडी आणि हातात किल्ली. बाकी सगळे दसऱ्याचे: झेंडू, ऊस, बोनेटवर स्वस्तिक, पुढे घरची माणसं. प्रत्येक फोटोत गाडी पुढूनच. रोज ज्याच्या जिवावर घर चाललं तो हौदा एकाही फोटोत नाही.

मोटारीचा फोटो म्हटलं की मला छायाचित्रकार रघुबीर सिंग आठवतात. ते १९९९ साली गेले आणि त्यांचं अॅम्बॅसेडरवरचं पुस्तक २००२ साली आलं. त्यांनी गाडी चौकटीत उभी करून काढली असं फार थोडं. गाडीच्या काचेतून, उघड्या दारातून, आरशातून बाहेरचा देश काढला. गाडी मध्ये आल्यामुळे रस्त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडेच फोटो झाले. मी विकायचे फोटो काढते, तुलना होणार नाही. पण केबिनच्या मागच्या काचेतून हौदा काढायचा हे मी त्यांचे फोटो बघूनच करायला लागले, आणि त्या एका फोटोत ड्रायव्हरला मागचं किती दिसतं हेही गिऱ्हाइकाला कळतं.

काकांचं एक दुखणं वेगळं. ‘आता ही कोण घेणार? सगळे नवीन पिकअपच्या मागं.’ टेल्कोची टाटामोबाईल १९८८ साली आली, तिच्याच सांगाड्यावर १९९१ ला सिएरा आणि १९९२ ला इस्टेट निघाली. २०७ त्याच घराण्यातली. २००५ साली टाटांचीच एस आली आणि शहरातलं हलकं भाडं छोट्या हत्तीने खाल्लं, जड भाडं बोलेरोने. तरी जुन्या २०७ ला मागणी आहे. ती घेणारे शेतकरी असतात, आणि गावातल्या मिस्त्रीला लॅपटॉप न जोडता दुरुस्त करता येते म्हणूनच घेतात.

दुपारी ३.३०

चासी नंबर. नोंदणी कार्डावरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे हे दाखवणारा फोटो मी सगळ्यांना पाठवत नाही, बोलणी पुढे गेल्यावरच. पण काढून ठेवते. चासीवर रंगाचे, ग्रीसचे थर बसलेले असतात. ते रॉकेलच्या फडक्याने काढायचे, घासायचं नाही. नंबराभोवती पॉलिश पेपरचे चरे दिसले की संशय आलाच. मग खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा. वरचा पत्रा पांढरा होतो, खोदलेले आकडे काळे राहतात. बॅटरी समोरून धरली तर सगळं सपाट. ती पत्र्याला टेकवून बाजूने धरायची, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या खड्ड्यात सावली पडते. बॅटरी डावीकडून धरली तर तीनचा आठ वाटत होता. उजवीकडून धरल्यावर तीन नीट उघडला.

गाडीखाली झोपले आहेच तर पाटे, शॉकअॅब्सॉर्बर आणि गिअरबॉक्सचं बूडही काढून घेतलं. पायाशी कोंबड्या.

सायंकाळी ५.५०

पुन्हा तेच रान. आता खोडी काढायच्या नाहीत. आता गाडी जशी आहे तशी चांगली दिसू द्यायची, तेवढा तिचा हक्क आहे. सूर्य टेकडीआड जाईपर्यंत मी बॅगेवर बसून राहते. तो गेल्यावर वीसेक मिनिटं सगळं पश्चिमेचं आभाळच दिवा होतं. ऊन नाही, सावली नाही, पत्र्यावर एकच मऊ उजेड मडगार्डापासून फाळक्यापर्यंत. मोठ्या स्टुडिओत मोटारीवर छताएवढा पडदा टांगून जे साधतात ते इथे फुकट. पुढचा कोपरा आणि पूर्ण बाजू एकाच फोटोत, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला, पार्किंगचे दिवे चालू. या उजेडात मडगार्डाची लांबी दिसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच सकाळचा फोटो याच्या शेजारीच लावायचा.

रात्री ७.३०

घरी निवड. शंभर फोटो पाठवले तर कोणी बघत नाही; अठरा-वीस पुरतात. पहिला संध्याकाळचा, कारण तो बघून बोट थांबतं. दुसरा हौदा. तिसरा मडगार्ड. मग मागून, बाजूने, टायर, मीटर, केबिन, इंजिन, आणि ताडपत्रीखालचे तीन ठिपके. रंग फक्त पांढरा पांढरा दिसेल इतपत सारखा करते. खाली काकांच्या शब्दांत मजकूर: दुधावर चाललेली, पहिला मालक, बोजा नाही, पासिंग चालू, डावा पाटा बघून घ्या, मागचे टायर लवकर लागतील.

काकांना आधी पाठवलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, ‘ताई, पाटा लिहिलाच का?’ मागून काकूंचा आवाज, ‘राहू द्या, खरं आहे ते.’

रात्री ८.४५

पहिला फोन सासवडच्या फुलवाल्याचा. ठिपक्यांचा फोटो बघितला, पत्रा बदलायला किती लागेल विचारलं, हिशेब केला आणि नको म्हणाला. त्याचं डिझेल वाचलं, काकांचा रविवार वाचला. काकांना हे पटायला थोडा वेळ लागला.

दुसरा नारायणगावहून, टोमॅटोवाला. त्याने मडगार्ड सोडून दिलं, पाट्याचं विचारलं, केबिनमागची फट मोठी करून बघितली असावी, कारण म्हणाला, ‘चासी सरळ दिसतीय.’ मग हौद्याची लांबी पुन्हा विचारली. आठ फूट सातमध्ये क्रेटच्या किती रांगा बसतात ते तोंडाने मोजलं.

‘रविवारी सकाळी मिस्त्री घेऊन येतो, ताई. चाकणचा ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत निघतो. मालकांना एक सांगा, गाडी गार ठेवायची. पहिला सेल्फ मी मारणार.’

काकांना फोन लावला. रविवारी आम्ही पोचेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, पहाटेसुद्धा नाही.

‘मग दूध?’ काका म्हणाले.

पुतण्याच्या मोटारसायकलवर दोन खेपा, असं ठरलं.